दान आपलं, माल त्यांचा

गेल्या अंकात आपल्या एका मित्राने आवाहन केलं होतं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना प्रत्येकाने देहदानाचा फॉर्म भरून न्यावा, बामणी कर्मकांडाला याहून मोठी चपराक नाही, वगैरे. मला पटलं. फॉर्म घेतला. पाळी सुटल्यावर गोदीच्या गेटाबाहेर चहाच्या टपरीवर बसून नाव, वय, पत्ता लिहिला. सहीच्या जागेशी आलो आणि पेन थांबलं. फॉर्मची घडी घालून खिशात टाकला. त्या मित्राने नंतर चारचौघांत मला ‘घाबरला’ म्हटलं. म्हणून हे लिहितोय.

घाबरायचं कशाला? आत्मा मी मानत नाही. मेल्यावर कुठं जायचंय अशातला भाग नाही, त्यामुळे तिथं दोन डोळे कमी घेऊन गेलो तर चित्रगुप्त विचारील ही भीती मला नाही. नेत्रदानाच्या फॉर्मवर मी कधीच सही केलीय. माझं बुबुळ कुणा आंधळ्याला बसलं, मूत्रपिंड कुणा मरणाऱ्याला गेलं तर आनंद आहे. माणसातून माणसात गेलं, हिशेब मिटला. माझा सवाल निराळ्या तुकड्यांचा आहे. जे माणसाच्या अंगातून निघतात आणि माणसाच्या अंगात जात नाहीत. बाटलीत जातात, रजिस्टरात जातात, आणि तिथून पुढं मालाच्या यादीत जातात. त्या तुकड्यांचा मालक कोण?

हा सवाल मला पुस्तकातून नाही सुचला. तीन वर्षांपूर्वी आईची पिशवी काढली. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी तिला बरं केलं, आणि माझं भांडण त्या एका इमारतीशी नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एक शिकाऊ डॉक्टर आला. माझ्याच वयाचा, झोप नसल्याने डोळे लाल. कागदावर तीन ठिकाणी बोट ठेवलं - इथं, इथं आणि इथं. कागद इंग्रजीत. मी मॅट्रिक. पण कविता करणाऱ्या माणसाला एक खोड असते, समोर आलेली ओळ तो वाचल्याशिवाय सोडत नाही. अडखळत अडखळत वाचली. काढलेला भाग शिक्षणासाठी व संशोधनासाठी ठेवून घेता येईल, आणि त्यातून जे काही निघेल त्यावर रुग्णाचा कसलाही हक्क राहणार नाही, असा तिचा अर्थ.

मी विचारलं, “डॉक्टरसाहेब, निघेल म्हणजे काय निघेल?”

“अहो, काही निघत नाही. छापील फॉर्म आहे तो. सगळेच करतात.”

सगळेच करतात म्हणून मीही केली. आईचा अंगठा उमटवला. आता वाटतं, काहीच निघत नसेल तर हक्क राहणार नाही हे लिहायला शाई कशाला घालवली?

आठवड्याने आई घरी आली. भिंतीला टेकून बसली होती. एकदम म्हणाली, “माझी पिशवी कुठं टाकली रे त्यांनी?”

“तपासायला गेली, आई.”

“आन तपासून झाल्यावर?”

मला सांगता येईना. ती म्हणाली, “तिघं राहून गेलात तिच्यात. भाडंबी न्हाई दिलं कुणी.” आणि हसली. टाक्यांना हिसका बसला तशी गप्प झाली.

बहुतेक पिवळ्या पिशवीत घालून जाळलीच असणार. नियम तोच आहे. मी कुणावर चोरीचा आळ घेत नाही. पण खरं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि ते विचारायचं नाही असं मी स्वतःच्या सहीने लिहून दिलंय.

तेव्हापासून या विषयावर जे हाताला लागलं ते वाचत गेलो. वाचता वाचता एका बाईपाशी येऊन थांबलो. १९७२ साली आपल्या पोरांनी ज्या काळ्या लोकांच्या लढ्याकडे बघून पँथर हे नाव घेतलं, त्यांच्यातलीच ही बाई. हेन्रिएटा लॅक्स. जन्म १९२० चा. व्हर्जिनियातल्या क्लोव्हर गावात, तंबाखूच्या शेतात राबत वाढली. गुलामांची नात-पणती. नवरा पोलादाच्या कारखान्यात, म्हणून बाल्टिमोरला आली. पाच लेकरं. १९५१ च्या सुरुवातीला पोटात गाठ लागते म्हणून जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात गेली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. वॉर्ड अर्थातच काळ्यांचा, वेगळा. आपल्या गावातल्या वेगळ्या पाणवठ्यासारखा.

उपचाराआधी, ती गुंगीत असताना, सर्जनने दोन तुकडे काढले. एक गाठीचा, एक शेजारच्या निरोगी मांसाचा. तिला विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही. तुकडे डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेले. तोवर माणसाच्या पेशी बाटलीत फार दिवस जगत नसत. हिच्या गाठीच्या मेल्याच नाहीत. चोवीस तासांत दुप्पट, पुन्हा दुप्पट. तिच्या नावाची आणि आडनावाची दोन-दोन अक्षरं घेऊन त्यांना नाव दिलं - हेला. बाई ४ ऑक्टोबर १९५१ ला मेली. वय ३१. क्लोव्हरमध्ये पुरली. त्या जागेवर नावाचा दगड लागला २०१० साली.

एकोणसाठ वर्षं बाईला दगड नव्हता. आणि तिच्या पेशी तोवर जगभर गेल्या होत्या. पोलिओची लस तपासायला त्या लागल्या. त्यांचं घाऊक उत्पादन कुठं उभं केलं, तर टस्कीगीला, काळ्यांच्याच शिक्षणसंस्थेत, काळ्या तंत्रज्ञांच्या हातून. त्याच टस्कीगीत त्याच काळात, १९३२ ते १९७२, सरकारी डॉक्टर ३९९ काळ्या माणसांना सिफिलिस आहे हे ठाऊक असून उपचार न देता नुसते बघत बसले होते. एका हाताने मरू द्यायचं, दुसऱ्या हाताने पेशी वाढवून घ्यायच्या. ही व्यवस्था कुणाला परकी वाटत असेल तर त्याने आपल्याच गावाचा उकिरडा एकदा नीट बघून यावा.

पुढं कंपन्या आल्या. हेला विकायला लागल्या. कुपीवर किंमत, सूचीत नंबर. तिच्या पेशींत पॅपिलोमा विषाणूचा १८ नंबरचा प्रकार सापडला. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं मूळ या विषाणूत आहे हे दाखवणाऱ्या शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल मिळालं. आता त्याच्यावर लस आहे. ज्या रोगाने ती मेली त्याच रोगावरची लस. मी हे तिरकस बोलत नाही. लस आली हे चांगलंच झालं, आपल्या पोरीबाळींना ती मिळालीच पाहिजे. पण या सगळ्या वर्षांत बाईची पोरं कुठं होती? त्यांना आईच्या पेशी जिवंत आहेत हे कळलं वीस वर्षं उलटून गेल्यावर, १९७३ च्या सुमाराला. तेही कसं, तर संशोधकांना त्यांचंही रक्त हवं होतं म्हणून. २०१३ साली तिच्या पेशींचा सगळा जनुकीय आराखडाच छापून टाकला, पुन्हा न विचारता. म्हणजे आता नातवंडांच्या अंगात काय दडलंय तेही चव्हाट्यावर.

जॉन्स हॉपकिन्सचं म्हणणं असं की आम्ही हेला कधी विकल्या नाहीत, त्यांच्यावर नफा केला नाही. असेल. पहिल्या माणसाने फुकट वाटलं असेल. पण फुकट घेऊन ज्यांनी दुकान थाटलं त्यांचं काय? वारसांनी अखेर २०२१ साली, तिच्या मृत्यूला सत्तर वर्षं झाली त्याच दिवशी, थर्मो फिशर या कंपनीवर दावा लावला. २०२३ च्या उन्हाळ्यात तडजोड झाली. रक्कम गुप्त. आनंद वाटला, आणि चडफडाटही झाला. तडजोड म्हणजे निकाल नव्हे. हे मांस कुणाचं या प्रश्नाला कोर्टाने उत्तर द्यायच्या आतच कागद मिटले.

कोर्टाने उत्तर दिलं आहे, पण ते दुसऱ्या माणसाच्या दाव्यात. तो माणूस गोरा होता. मुद्दाम सांगतो, कारण काहीजण म्हणतील की हा नुसता रंगाचा प्रश्न. जॉन मूर. अलास्कात तेलाच्या पाइपलाइनवर काम करणारा. १९७६ साली रक्ताचा कॅन्सर झाला, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या इस्पितळात प्लीहा काढली. बरा झाला. पण डॉक्टर त्याला सात वर्षं सिएटलहून परत परत बोलवत राहिला. रक्त घे, मज्जा घे, वीर्य घे. मूरला वाटे, काळजी आहे माझी. काळजी होती, पण ती मालाची. त्याच्या प्लीहेतल्या पेशींपासून डॉक्टरने सेल लाइन केली होती, म्हणजे बाटलीत अखंड वाढत राहणारा पेशींचा वंश. १९८४ साली तिचं पेटंट निघालं. निकालपत्रात आकडे नोंदलेत - कंपनीकडून डॉक्टरला ७५ हजार शेअर, आणि डॉक्टर व विद्यापीठ यांना मिळून तीन वर्षांत निदान ३ लाख ३० हजार डॉलर. सेल लाइनचं नाव ‘मो’. मूरमधला मो. नाव त्याचं, बाकी सगळं त्यांचं.

१९९० साली कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. डॉक्टरने स्वतःचा आर्थिक स्वार्थ लपवला हे चूक, त्याबद्दल मूरला दावा लावता येईल. पण काढून झालेल्या पेशींवर मूरची मालकी? ती नाही. कारणं दोन. एक, पेशंटला मालकी दिली तर संशोधन अडेल, प्रत्येक नमुन्यामागे खटला उभा राहील. दुसरं असं की पेटंट घेतलेली सेल लाइन ही मूरच्या अंगातल्या पेशींहून वेगळी वस्तू आहे, ती शास्त्रज्ञांच्या कौशल्यातून आणि श्रमातून तयार झाली.

हे दुसरं कारण मी दोनदा वाचलं. श्रमातून! म्हणजे ज्याने श्रम केले त्याचा माल. दोस्तांनो, हा कायदा आमच्या गोदीत लावा ना. मी जहाजातून स्टीलची कॉइल उतरवतो. ती तशीच जहाजात राहिली तर गंज खाईल, कवडीची होणार नाही. धक्क्यावर आली, शेडमध्ये गेली, ट्रकवर चढली म्हणून तिला बाजारात भाव. माझ्या बापाच्या पाठीत गोण्या उचलून उचलून बाक आला. त्याने श्रम केले म्हणून एका तरी गोणीवर त्याचा मार्का लागला का? साखरेचा एक दाणा खिशात सापडला असता तर गेटावर पकडला असता. आमचे श्रम पडले की मजुरी मिळते, मालकी नाही. त्यांचे श्रम पडले की मालकी मिळते. वर आमच्याच मांसाची. शास्त्रज्ञाच्या कौशल्याचे पैसे त्याला द्यावेत, माझी ना नाही, भरपूर द्यावेत. मजुरी म्हणून द्यावेत. बौद्धिक मजूर आहे तो, मी शारीरिक. दोघांना एक कायदा लावा.

आणि पहिलं कारण, नमुन्यांचा माग ठेवायला लागला तर विज्ञान बसेल. गोदीत एका पेटीमागे किती कागद असतात ते या न्यायमूर्तींनी येऊन बघावं. कुठून निघाली, कुणाची, कुणाकडे, किती वजन, कस्टमचा शिक्का, टॅली क्लार्कची खूण. तरी व्यापार बसला नाही. एका कॉइलचा कोरियापासून कळंबोलीपर्यंत माग लागतो. माणसाच्या तुकड्याचा माग ठेवा म्हटलं की आभाळ कोसळतं.

एक न्यायमूर्ती तर आणखी पुढं गेले. माणसाचं शरीर पवित्र, ते विकून नफा करण्याचा हक्क हा माणूस आमच्याकडे मागतोय, असा त्यांच्या निकालपत्राचा सूर. विरोधी निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मॉस्क यांनी मात्र बरोबर बोट ठेवलं. बाजार आधीच मांडला गेलाय, सगळे नफा करतायत, फक्त ज्याच्या अंगातून निघालं तो एकटा त्याच्या बाहेर. ही पवित्रतेची भाषा आपल्या ओळखीची आहे. ज्याला द्यायचं नसतं त्याला सोवळ्यात बसवायचं किंवा ओवळ्यात टाकायचं. दोन्हीकडून हात रिकामाच.

पुढं २००७ साली अमेरिकेतल्याच एका अपील कोर्टाने आणखी सोपं करून टाकलं. प्रोस्टेटच्या पेशंटांनी आपले नमुने आपल्या डॉक्टरबरोबर दुसरीकडे न्यायला मागितले. कोर्ट म्हणालं, तुम्ही ते विद्यापीठाला भेट दिलेत, आणि भेट परत मागता येत नाही. भेट म्हणजे आपल्या भाषेत दान.

इथं मी सहीपाशी का अडकलो ते येतं. दान हा शब्दच मला टोचतो. या देशात दान कुणी घ्यायचं हे ठरलेलं होतं. गाय, भूमी, सोनं जायचं वर. आमच्याकडून जे घेतलं जायचं त्याला दान म्हणत नसत, काम म्हणत. आणि आम्हाला जे मिळायचं त्याला हक्क म्हणत. बावन्न हक्क! त्यात मेलेल्या ढोराचं कातडं. बाबासाहेबांनी ढोरं ओढू नका म्हटलं तेव्हा केसरीतून हिशेब मांडला गेला होता - कातडं, शिंगं, खुरं, हाडं, मांस, वर्षाला पाचशे रुपयांचं उत्पन्न महार सोडतायत, आंबेडकर त्यांचं नुकसान करतोय. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही गोष्ट सांगितली आहे. एवढा फायदा आहे तर तुम्हीच का ओढत नाही, हा त्यांचा उलट सवाल. बघा, बैलाच्या मढ्यातून काय काय निघतं आणि त्याला काय भाव येतो, याचा पै-पैचा हिशेब यांना येत होता. माणसाच्या मढ्याची वेळ आली की म्हणे काही निघत नाही, छापील फॉर्म आहे.

आणि मढ्याचा बाजार काही अमेरिकेने शोधलेला नाही. १९८५ साली सरकारने बंदी घालीपर्यंत कलकत्त्याचे व्यापारी माणसांचे सांगाडे जगभरच्या मेडिकल कॉलेजांना पाठवत होते. घाटावरून हाडं गोळा करणारे, शिजवून साफ करणारे हात डोमांचे. पेट्या उचलणारे हात हमालांचे. बिलावर नाव मात्र कंपनीचं. लंडनच्या नि शिकागोच्या पोरांनी ज्या बरगड्या मोजून डॉक्टरी शिकली त्या कुणाच्या होत्या? बेवारस. हा शब्द बघा. इथं मुंबईत १९४९ चा शरीररचना कायदा आहे, त्यानुसार बेवारस प्रेत मेडिकल कॉलेजला देता येतं. बेवारस म्हणजे ज्याला कुणी नाही तो नव्हे. ज्याचं माणूस गावाकडे आहे, ज्याला कळवायचं कुणी मनावर घेतलं नाही, जो फुटपाथवर मेला, तो बेवारस. मलबार हिलवर बेवारस मरण येत नाही.

आता आमच्या तोळीतला एकजण म्हणतो, “मग आपणबी रेट लावू. तुकड्याला इतके, बाटलीला इतके. त्यांचा बाजार तर आपलाबी बाजार.” ऐकायला झकास वाटतं. मला हे साफ नामंजूर आहे. विकायला मोकळीक दिली की कोण विकतं ते आपण पाहिलंय. ऐंशीच्या दशकात मुंबई-मद्रासला मूत्रपिंडांचा बाजार भरला होता, तिथं कुणी शेठ आपली किडनी विकायला रांगेत नव्हता. पोटावर टाक्याचा वण घेऊन कर्ज तसंच राहिलेली माणसं होती. म्हणूनच गोवा, हिमाचल आणि महाराष्ट्र या विधिमंडळांच्या ठरावावरून १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा झाला, २०११ मध्ये त्यात ऊतीही आल्या, विक्रीला तुरुंग आला. रक्त विकून पोट भरणारेही होते, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून तेही बंद. हे कायदे मोडले जातात, किडनीची रॅकेटं निघतात, तरी ते हवेत. गरिबाच्या अंगाला भाव लागला की त्याचं अंग हेच त्याचं शेवटचं गहाणखत होतं.

पण मग कायदा दोन्ही बाजूंना लागू करा. मी विकू शकत नाही, ठीक. तर तूही विकू नकोस. माझ्याकडून निघताना जे दान होतं ते तुझ्या हातात माल कसं झालं? मधल्या कुठल्या उंबऱ्यावर त्याची जात बदलली? माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आपल्या मित्राला विचारतोय, जो मला घाबरट म्हणाला.

हा प्रश्न उद्याचा नाही, आजचा आहे. चंद्रपूरकडे माझी मावशी आहे. तिच्या थोरल्याला सिकल सेल. विदर्भात आदिवासींत तो आहे आणि आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे. रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, शिरांत अडकतात, आणि हाडं अशी ठणकतात की हा पोरगा तोंडात टॉवेल कोंबून रात्र काढतो. अमेरिकेत १९७१ मध्ये ब्लॅक पँथरवाल्यांनी याच रोगाच्या तपासणीची मोहीम काढली होती, स्वतःचे फुकट दवाखाने काढून. सरकारला काळ्यांच्या रोगाचं पडलेलं नाही म्हणून. आपण त्यांचं नाव घेतलं, पण ही एक गोष्ट घ्यायची राहिली. इथं आता सरकारनेच २०२३ च्या जुलैमध्ये सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू केलं, सात कोटी लोकांची तपासणी करायचं लक्ष्य ठेवून. तपासणी झालीच पाहिजे. थेंबभर रक्त द्यायला कुणी आडकाठी करू नये, मी स्वतः मावशीच्या वस्तीत हे सांगून आलोय.

पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत या रोगावरच्या नव्या उपचाराला मंजुरी मिळाली. पेशंटच्याच अंगातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात दुरुस्ती करायची, आणि त्यालाच परत चढवायच्या. थोर गोष्ट आहे. किंमत माणशी २२ लाख डॉलर. आपल्या रुपयात १८ कोटींच्या वर. त्याच्याच पेशी, त्यालाच परत, १८ कोटींना. मावशीला मी आकडा सांगितला तर ती म्हणाली, “कोटी म्हंजी किती शून्य रं?”

आता आपल्या वस्त्यांतून थेंबाथेंबाने जे जमा होईल, त्यातला काही भाग पुढं संशोधनाला ठेवला गेला, तर त्यावर कुणाची मालकी? ग्रँड कॅन्यनच्या दरीत हवासुपाई नावाची आदिवासी जमात आहे. मधुमेह शोधतो म्हणून १९९० पासून विद्यापीठाने त्यांचं रक्त घेतलं. मग तेच रक्त वेडाच्या संशोधनाला वापरलं, त्यांचे पूर्वज कुठून आले ते काढायला वापरलं, ज्यावर त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न होता. त्यांना पत्ता नव्हता. ते लढले. २०१० साली विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत दिलं. मूठभर माणसांची जमात, पण आपलं रक्त घरी घेऊन गेली.

आणि आपल्याकडे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत चक्क लिहिलंय की नमुना ज्याचा त्याचीच मालकी, संस्था फक्त विश्वस्त. व्यापारी फायदा झाला तर त्याचा वाटा देणाऱ्याकडे किंवा त्याच्या समाजाकडे यावा हेही त्यात आहे. वाचून मी उडालोच. कारण आईचा फॉर्म याच्यानंतरचा. एका कागदावर मालक, दुसऱ्या कागदावर कसलाही हक्क नाही. पहिला कागद दिल्लीत आहे. दुसरा खाटेपाशी आणून अंगठा घेतात. सूचना म्हणजे कायदा नव्हे. मालकीच्या या प्रश्नाचा वेगळा कायदा संसदेने केलेला नाही, आणि जोवर होत नाही तोवर खाटेपाशी येणारा कागदच खरा.

म्हणून चळवळीने नुसती फॉर्म वाटणारी संस्था होऊ नये असं मला वाटतं. आपण फॉर्म लिहिणारे झालं पाहिजे. कागद मराठीत हवा, गोंडीत हवा, आणि आदल्या रात्री नव्हे, माणूस शुद्धीवर आणि उसंतीत असताना वाचून दाखवलेला हवा. उपचाराची सही वेगळी, संशोधनाची वेगळी, धंद्याची वेगळी. आज तिन्ही एकाच अंगठ्यात उरकतात. रोकड वाटा मला नको, त्याने पुन्हा बाजारच होईल. पण ज्या वस्तीच्या रक्तावर औषध उभं राहिलं त्या वस्तीला ते सरकारी दवाखान्यात मिळायला हवं, आणि हे आधी लिहून घेतलेलं हवं. आपल्यात वकील आहेत, मेडिकलला गेलेली पोरं आहेत. राखीव जागांवर शिकून डॉक्टर झालेल्यांनी खाटेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते ठरवावं. तो लाल डोळ्यांचा शिकाऊ डॉक्टर, कुणास ठाऊक, आपल्यातलाच असेल. मी आडनाव विचारलं नाही.

मित्राने दिलेल्या फॉर्मवर मी सहीच्या वर चार ओळी हाताने लिहिल्या. माझं शरीर पोरांना शिकायला खुशाल वापरा. कापा, बघा, शिका. त्यातला कुठलाही तुकडा कुणी विकू नये, त्यावर पेटंट घेऊ नये, आणि कुठं गेला याची नोंद माझ्या घरच्यांना मागता यावी. मग सही केली. परवा तो फॉर्म द्यायला गेलो तर टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, “खाडाखोड चालत नाही. कोरा फॉर्म भरा.” मी म्हटलं, “खाडाखोड नाही साहेब, भर आहे.” त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी त्यांच्याकडे. बराच वेळ तो टेबलावर मध्येच पडला होता. शेवटी माझी पाळी होती म्हणून उचलून घेऊन आलो.

आईची पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. तिने सांगून ठेवलंय, या टायमाला कागद आला की आधी मला वाचून दाखव, मग बघू अंगठ्याचं.